नाक मोकळं आहे तरी वास का येत नाही, आणि आला तर भलताच का येतो

ताई, तुमचा प्रश्न बराच मोठा होता म्हणून आधी थोडक्यात सांगून टाकतो. आई ६१ वर्षांच्या, राहणं मानेवाड्याला, हिवाळ्यात व्हायरल झालं, ताप उतरला पण वास गेला तो गेलाच. आता तीन-चार महिन्यांनी काहीतरी यायला लागलंय तर तेही भलतंच, कांद्याची फोडणी जळक्या रबरासारखी येते, घरात कोणी कॉफी केली की त्या उठून गॅलरीत जातात, जेवण अर्ध्यावर आलंय. घरचे म्हणतात वय झालं, आता हे असंच राहणार. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की वासाचा मूडवर परिणाम होतो हे खरं का, की सुगंधी तेलवाल्यांची नुसती जाहिरात.

मी नागपुरातच कान-नाक-घशाची प्रॅक्टिस करतो, बरीच वर्षं झाली, आणि कोविडनंतर अशा तक्रारी इतक्या वाढल्या की ओपीडीत दर आठवड्याला कोणी ना कोणी हेच घेऊन येतं. "डॉक्टर, नाक तर मोकळं आहे, पण काहीच वास येऊन नाही राहिला." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता पेशंट बसायच्या आधीच उत्तर तयार असतं.

ते उत्तर असं की नाक मोकळं असणं आणि वास येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण ज्याला नाक म्हणतो त्याचा बहुतेक भाग हवा गाळायला, गरम करायला, ओली करायला आहे. वास घेणारी जागा पार वर, नाकाच्या छताला, साधारण दोन्ही डोळ्यांच्या मधे येईल त्या उंचीवर, जेमतेम काही चौरस सेंटिमीटरची. नेहमीच्या श्वासातली थोडीच हवा तिथपर्यंत पोचते, म्हणूनच वास नीट घ्यायचा असला की आपण हुंगतो. तिथे लाखो चेतापेशी आहेत, त्यांची एक टोकं हवेच्या बाजूला चिकट पातळ थरात उघडी, आणि दुसरी टोकं कवटीच्या एका जाळीदार हाडाच्या भोकांतून थेट मेंदूच्या खालच्या अंगाला. म्हणजे चेतापेशी बाहेरच्या हवेला इतकी उघडी असलेली जागा शरीरात दुसरी नाही. धूळ, धूर, व्हायरस सगळं झेलायचं तिनेच. बहुतेक म्हणूनच निसर्गाने तिला एक सवलत दिलीय, या पेशी मेल्या तर नव्या येतात, जन्मभर, साधारण महिना-दोन महिन्यांच्या चक्राने. कानातल्या ऐकण्याच्या पेशींना ही सवलत नाही, तिथे गेलं ते गेलं. त्यामुळे आईंच्या बाबतीत मी आशेवर आहे ते उगाच धीर द्यायचा म्हणून नाही.

आता व्हायरल झालं की काय होतं. साध्या सर्दीत नाक सुजतं, हवा वर पोचत नाही, वास जातो, सर्दी गेली की परत येतो, यात विशेष काही नाही. पण काही व्हायरस वर त्या जागेवरच घाला घालतात. कोविडमधे तर एक गंमत लक्षात आली की व्हायरस मुख्यतः चेतापेशींमधे घुसतच नाही, त्यांच्या बाजूला आधाराला ज्या पेशी असतात त्यांच्यात घुसतो, आणि आधार कोसळला की चेतापेशींचंही काम बंद. म्हणून लोकांचं नाक अजिबात चोंदलेलं नसायचं आणि सकाळी उठून चहा प्यायला तर नुसतं गरम गोड पाणी. ज्यांच्या आधाराच्या पेशीच तेवढ्या गेल्या त्यांना दोन-तीन आठवड्यांत वास परत आला, ज्यांच्या चेतापेशीही गेल्या त्यांना नव्या उगवायची वाट पाहावी लागली, आणि नव्या उगवून नुसतं भागत नाही, त्यांच्या तारा वर मेंदूत बरोबर जागी जुळाव्या लागतात. जळक्या रबराचा उगम इथे आहे.

हे कळायला वास ओळखायची पद्धत थोडी समजून घ्यावी लागेल. १९९१ मधे लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल या दोघांनी वास पकडणाऱ्या ग्राहकांची (रिसेप्टर, म्हणजे चेतापेशीवरची वासाचा रेणू ओळखणारी जागा) जनुकं शोधली, २००४ मधे त्यांना त्याचं नोबेल मिळालं. माणसात अशी चालू असलेली जनुकं जवळपास ४००, उंदरात हजाराच्या वर, हत्तीत तर २०००च्या आसपास. आपल्या एका चेतापेशीवर एकाच प्रकारचा ग्राहक असतो. पण कुठलाही वास एका ग्राहकाचा नसतो, कॉफीच्या वासात शेकडो रेणू, ते कितीतरी ग्राहकांना कमीजास्त चेतवतात आणि त्या सगळ्याचा मिळून जो नमुना तयार होतो त्याला मेंदू "कॉफी" म्हणतो. आता समजा त्यातल्या निम्म्याच पेशी परत आल्यात, काहींच्या तारा चुकीच्या जागी गेल्यात, तर मेंदूला पोचतो अर्धवट, वाकडा नमुना, आणि मेंदू त्याला ओळखत नाही. ओळख पटली नाही की मेंदू बहुतेक वेळा त्याला सडकं, जळकं, विषारी या खात्यात टाकतो, कारण सावध राहिलेलं बरं. कॉफी, परतलेला कांदा, लसूण, अंडं, भाजलेलं मटण, हेच पदार्थ पुन्हापुन्हा का येतात? यात गंधकाचे काही रेणू असतात जे नाकाला अत्यंत कमी प्रमाणातही कळतात, त्यामुळे अर्धवट बरं झालेल्या नाकाला बाकीच्या शेकडो रेणूंमधले तेवढेच सापडतात आणि तेच ओरडत राहतात. थोडक्यात, आईंना जळका वास येतोय म्हणजे काहीच न येण्याच्या पुढची पायरी आलीय. हे पेशंटला सांगितलं की चेहऱ्यावर राग दिसतो, साहजिक आहे, दोन वेळचं जेवण नकोसं झालेल्या माणसाला प्रगती झाली म्हणून सांगणं अवघडच, पण वस्तुस्थिती तीच आहे.

घरी एक प्रयोग करून पाहा, सगळ्यांनीच करा. नागपूरची संत्रा बर्फी आणा. नाक चिमटीत घट्ट दाबा, डोळे मिटा, बर्फीचा तुकडा तोंडात टाका आणि चावा. गोड लागेल, किंचित आंबूस, रवाळ, बस्स. ही बर्फी संत्र्याची आहे की कोहळ्याची हे छातीठोक सांगता येणार नाही. आता घास तोंडात असतानाच नाक सोडा आणि नाकातून श्वास बाहेर टाका. एकदम संत्रं येतं, आतून, घशाच्या मागून. जीभ फक्त गोड, आंबट, खारट, कडू आणि ती एक मांसल-खमंग चव एवढंच सांगते, बाकी ज्याला आपण चव म्हणतो ते मागच्या दाराने नाकात गेलेला वास असतो. त्यामुळे आई जेव्हा म्हणतात "तोंडाला चवच नाही" तेव्हा त्यांची जीभ ठीक आहे. आणि भाजीत मीठ डबल पडतंय असंही तुम्ही लिहिलंय, ते यामुळेच, वास गेला की माणूस उरलेल्या जिभेच्या चवी वाढवत जातो, मीठ, साखर, तिखट. बीपीची गोळी चालू असेल तर याच्याकडे जरूर लक्ष द्या, मीठ तुम्ही मोजून घाला, आंबट वाढवा, लिंबू, आमचूर, दही.

तिखटाचं वेगळं आहे आणि यात लोक हमखास फसतात. मिरचीचा ठसका, अमोनियाचा झणका, बामचा गारवा, हे खरं तर वास नाहीतच. ते चेहऱ्याच्या वेगळ्या चेतातंतूने कळतात, ज्याने डोळ्यांत पाणी येतं, दात दुखतो. कळमन्याच्या मिरची बाजारात ज्याला अजिबात वास येत नाही असा माणूस उभा केला तरी तो सगळ्यांसारखाच शिंकेल. म्हणून घरचे बामची डबी नाकाशी धरतात, पेशंट म्हणतो हो येतंय, आणि सगळे ठरवतात की नाक तर चांगलं आहे, नाटक करून राहिली. बामवर वासाची परीक्षा होत नाही. (उलट आमच्याकडे अपघाताच्या क्लेममधे कोणी सांगितलं की वास शंभर टक्के गेला, तर आम्ही अमोनियाही हुंगायला देतो. खरा पेशंट दचकतो. "काहीच नाही आलं" म्हणणाऱ्याबद्दल जरा शंका येते.) बामने नाक मोकळं वाटतं तेही फसवंच, मेंथॉलने गारव्याचा तंतू चेततो आणि हवा जास्त येतेय असं वाटतं, मोजली तर हवा तेवढीच.

घरची परीक्षा घ्यायची तर कॉफी पावडर, हिंग, वेलची, अंगाचा साबण, एवढं पुरे. डोळे मिटून, एक नाकपुडी बंद, आणि मधे मिनिटभर थांबा कारण नाक लवकर थकतं.

हे थकणं आपल्या नागपूरकरांना चांगलं माहीत असतं, फक्त लक्षात येत नाही. एप्रिलमधे कुलर काढला, नव्या खसच्या ताट्या बसवल्या, पाणी सोडलं, पंखा लावला की पहिल्या पाच मिनिटांत अख्खं घर वाळ्याने भरून जातं, आणि अर्ध्या तासाने विचारा, कोणालाच काही येत नाही. गेटपर्यंत उन्हात जाऊन परत या, परत येतो. वास गेलेला नसतो, मेंदूने तो "माहीत आहे, पुढे चला" म्हणून बाजूला टाकलेला असतो, म्हणजे नवीन काही आलं तर ते कळावं. याच कारणाने आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही आणि पाहुण्याला दारातच येतो, याच कारणाने कुलरच्या टाकीतलं पाणी आठवडाभर बदललं नाही तर तो कुबट वास घरच्यांना सोडून सगळ्यांना येतो. भांडेवाडीच्या डम्पिंग यार्डाजवळच्या लोकांना बाहेरचे म्हणतात तुम्हाला सवय झाली असेल, तर सवय नाकाला होते, फुप्फुसाला होत नाही, आग लागल्यावरचा धूर आत जायचा तेवढाच जातो.

आणि पहिल्या पावसाचा वास. त्यातला मोठा वाटा जिओस्मिन नावाच्या रेणूचा, तो मातीतले बॅक्टेरिया बनवतात, आणि माणसाचं नाक याला इतकं तयार आहे की हवेत अब्जावधी रेणूंत अगदी मोजके असले तरी कळतं. १९६४ मधे ऑस्ट्रेलियातल्या इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस यांनी वाळलेल्या दगड-मातीतून या वासाचं तेल काढून "नेचर" मधे लिहिलं, पण उत्तर प्रदेशात कनौजला मातीचं अत्तर त्याच्या कितीतरी आधीपासून काढतात आणि त्या दोघांनीही आपल्या लेखात त्याची नोंद घेतली होती. माणसाचं नाक कुत्र्यापुढे काहीच नाही हे जे शाळेत ऐकलं ते अर्धसत्य आहे. २००७ मधे कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यार्थ्यांना डोळे-कान बंद करून गवतावर चॉकलेटच्या वासाची दोरी टाकून तिच्या मागे रांगायला लावलं होतं, बरेच जण नुसत्या नाकाने माग काढत गेले, आणि सरावाने वेगही वाढला. सराव हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मूडचं. बाकी संवेदना मेंदूत आधी एका जंक्शनवर थांबून मग वर जातात, वास मात्र ते जंक्शन टाळून जवळजवळ थेट भीती-आनंदाच्या आणि आठवणीच्या भागांना जाऊन मिळतो. त्यामुळे वासाने आलेली आठवण आधी जाणवते आणि मागाहून कळते की ही कशाची. अभ्यासात असंही दिसलंय की शब्द किंवा फोटो दाखवून निघणाऱ्या आठवणी बहुतेक विशीच्या आसपासच्या असतात, वासाने निघणाऱ्या दहा वर्षांच्या आतल्या. काटोल-वरुडकडे ज्यांचं बालपण गेलं त्यांना संत्र्याच्या आंबिया बहाराच्या फुलांचा वास कुठेही आला की पाय थबकतात, गडचिरोलीकडच्या माणसाला मोहफुलांचा. माझ्या नाकाला मोहफुलांचा वास जरा जडच जातो, पण मी वाढलो नागपूरच्या महाल भागात, माझा दोष नाही.

म्हणजे परिणाम होतो, नक्की होतो. पण जाहिरातवाले सांगतात तसा नाही, की अमुक तेलाने शांत वाटतं, तमुक तेलाने उत्साह येतो, सगळ्यांना सारखाच. वासाची आवड-नावड बहुतांशी शिकलेली असते. फ्रान्समधे अल्सास भागात असं पाहिलं की गरोदरपणात ज्या बायका बडीशेपेसारख्या वासाचे अ‍ॅनिसचे पदार्थ खात होत्या त्यांची बाळं जन्मल्यावर लगेचच त्या वासाकडे तोंड वळवत, बाकीची तोंड फिरवत किंवा काहीच करत नसत. विंटरग्रीनचा वास, म्हणजे आपल्या कंबरदुखीच्या मलमाचा, अमेरिकेत लोकांना आवडतो कारण तिकडे तो गोळ्या-चॉकलेटात असतो, इंग्लंडमधे आवडत नाही कारण तिथे तो औषधाचा. आणि मनाचा भाग किती असतो ते बघायचं तर १८९९ सालचा किस्सा आहे. अमेरिकेत वायोमिंगच्या विद्यापीठात एडविन स्लॉसन नावाच्या प्रोफेसरांनी वर्गात कापसावर बाटलीतलं काहीतरी ओतलं, म्हणाले हा वास तुम्ही आधी कधी घेतला नसेल, आला की हात वर करा. पंधरा सेकंदांत पुढच्या रांगेतले बहुतेक हात वर, मग मागचे, करता करता पाऊण वर्ग, आणि पुढच्या काही जणांना इतकं अस्वस्थ वाटायला लागलं की प्रयोग आवरता घ्यावा लागला. बाटलीत डिस्टिल्ड वॉटर होतं.

तेव्हा लव्हेंडरने तुम्हाला बरं वाटत असेल तर जरूर घ्या, झोप लागत असेल तर उत्तम, पण आईंना ते तेल देऊन मूड सुधारेल ही अपेक्षा ठेवू नका, त्यांना ते सध्या कशाचं येईल देव जाणे. त्यांच्या मूडचा खरा प्रश्न वेगळा आहे. वास गेलेल्या माणसांत उदासी जास्त दिसते आणि घरच्यांना ती दिसत नाही, कारण यात पट्टी नाही, प्लास्टर नाही. नातवाच्या डोक्याचा वास नाही, देवघरातल्या कापराचा नाही, स्वतःच्या अंगाला घामाचा वास येतोय का ही धास्ती, म्हणून लोक चारचौघांत जायचं टाळतात. एक काकू मला म्हणाल्या होत्या, "घर आपलं वाटतच नाही जी, हॉटेलात राहून राहिल्यासारखं वाटते." मला वाटतं याहून नेमकं कोणी सांगितलेलं नाही. उदबत्ती, धूप यांच्याबद्दल एवढंच, वास कितीही छान असला तरी तो धूर आहे, बंद खोलीत नको, दम्याच्या पेशंटजवळ तर नकोच.

वय झालं म्हणतात त्याबद्दल. वयाने वास कमी होतो हे खरं, १९८४ च्या एका मोठ्या अमेरिकन पाहणीत ६५ ते ८० वयातल्या निम्म्याहून जास्त लोकांचा वास बराच कमी निघाला आणि ८० च्या वर तर चारातल्या तिघांचा. पण तो हळूहळू जातो, माणसाला पत्ता लागत नाही. तापानंतर एकदम गेला त्याला वय म्हणत नाहीत, ती इजा आहे. हळूहळू गेलाय, नाकात काही सापडत नाही, आणि सोबत हाताची थरथर, जुनाट बद्धकोष्ठ, झोपेत ओरडणं-हातपाय झाडणं असं असेल तर मात्र न्यूरोलॉजिस्टला दाखवा, कारण पार्किन्सनमधे वास कधीकधी कंप सुरू व्हायच्या कितीतरी वर्षं आधी जातो. (याच आजाराची उलटी बाजू म्हणजे स्कॉटलंडच्या जॉय मिल्न, नर्स होत्या, त्यांना नवऱ्याच्या अंगाचा वास बदललेला जाणवला निदानाच्या कितीतरी वर्षं आधी, आणि पुढे मँचेस्टरच्या संशोधकांनी त्यांच्या मदतीने त्वचेच्या तेलातले ते रेणू शोधायला घेतले.) तुम्ही लिहिलंय त्यावरून आईंचं तसं काही वाटत नाही, उगाच रात्री गुगल करत बसू नका. वास एकदम जायचं आणखी एक कारण म्हणजे डोक्याला मार, विशेषतः गाडीवरून मागे डोक्यावर पडलं की मेंदू हलतो आणि त्या जाळीच्या भोकांतले नाजूक तंतू तुटतात, तिथे परत यायची शक्यता बरीच कमी. रिंग रोडवर हेल्मेट हँडलला लटकवून जाणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही.

आता करायचं काय. जर्मनीत ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांच्या टीमने २००९ मधे दाखवलेली पद्धत अजूनही सगळ्यात भरवशाची आहे, वासाचा व्यायाम. चार वास: गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग. रोज दोनदा, सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपायच्या आधी, निदान १२ आठवडे. आपल्याकडे यासाठी महागडं किट मागवायची गरज नाही. इतवारीत कुठल्याही पन्साऱ्याकडे निलगिरी तेल आणि लवंग तेल मिळतं, गुलाबासाठी साधं चांगलं अत्तर, लिंबासाठी ताज्या लिंबाची किंवा संत्र्याची साल बोटांनी दाबून, तिचं तेल उडतं तेच हवंय, मिळत नसेल तर लिंबाचं तेल. झाकणाच्या काचेच्या चार छोट्या बाटल्या, आत कापसाचा बोळा, त्यावर काही थेंब, वर चिठ्ठी. बाटली नाकापासून थोडी दूर धरायची, चिठ्ठी वाचायची, आणि हलकंहलकं हुंगायचं, सशासारखं, १५-२० सेकंद. खोल श्वास ओढायचा नाही. हुंगताना तो वास आठवायचा प्रयत्न करायचा, लवंग असेल तर मसालेभाताचा घास, दाढ दुखताना ठेवलेली लवंग, जे काय आठवेल ते. मग अर्धा मिनिट थांबून पुढची बाटली. काही आलं नाही तरी करायचं, वाईट आलं तरी करायचं, अगदीच उलटीसारखं झालं तर तो वास महिनाभर बाजूला ठेवून दुसरा घ्या, वेलची चालेल. थेंब दर पंधरा दिवसांनी ताजे करा, उन्हाळ्यात लवकर उडतात. तीन महिन्यांनी चार नवे वास घ्या आणि चालू ठेवा.

फार कंटाळवाणं आहे, मला मान्य आहे. लोक दहा दिवस करतात, काही होत नाही म्हणून सोडतात. फरक पडायला लागला तरी तो एकदम नसतो, एखाद दिवशी अचानक सांभाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, वास येतो आणि दुसऱ्या दिवशी नाही. तापानंतर गेलेल्या वासात पहिल्या वर्षात बऱ्याच जणांना चांगला फरक पडतो, आणि दुसऱ्या वर्षीही सुधारणा होत राहते. सगळ्यांना सगळा परत येतो असं मात्र मी म्हणणार नाही.

मिठाच्या पाण्याने नाक धुवायचं असेल तर धुवा, पण पाणी उकळून गार केलेलंच, नळाचं सरळ नाही, नळाच्या पाण्यातला एक अमीबा नाकावाटे मेंदूत जाऊ शकतो, दुर्मीळ आहे पण जीवघेणा आहे. स्टिरॉइडचा स्प्रे नाकात कोंब (पॉलिप) किंवा ॲलर्जीची सूज असली तर उपयोगी, नुसत्या चेतापेशींच्या इजेत त्याच्यावर फार भिस्त नको, आणि स्टिरॉइडच्या गोळ्या मेडिकलवाल्याला विचारून तर कधीच नको. झटपट नाक उघडणारे थेंब पाच-सात दिवसांपुढे वापरले की नाक त्यांच्याशिवाय उघडायचंच बंद होतं. झिंकच्या गोळ्यांनी वास परत येतो असं सिद्ध झालेलं नाही, आणि नाकात घालायच्या झिंकबद्दल तर अमेरिकेत २००९ मधे सरकारी इशारा निघाला होता, कारण त्याने असलेला वास जात होता. नाकात रोज भरपूर तेल-तूप ओढू नका, ते खाली फुप्फुसात उतरून वेगळाच न्यूमोनिया होतो. आणि हो, गॅसवर काळंठिक्कर भाजलेलं संत्रं गुळासोबत खाल्लं की वास परत येतो म्हणणारा तो व्हिडिओ. आपल्या गावात तो फारच पटला लोकांना. खा, गोड लागेल.

जेवणाचं असं करा की आई घरात असताना कांदा-लसूण परतणं, मसाला भाजणं बंद, सावजी रस्सा तर काही महिने विसरा. गरम पदार्थातून वास जास्त उडतो, म्हणून गार किंवा कोमट द्या: दहीभात, काकडीची कोशिंबीर, साधं वरण जिऱ्याशिवाय, भाकर आणि लोणी, पन्हं, टरबूज. कुरकुरीत-मऊ, गार-गरम यातली मजा शाबूत असते, तिचा फायदा घ्या, मुरमुरे, पापड, भाजलेले शेंगदाणे चालतात का बघा, काहींना शेंगदाणेही जळके येतात. रोज थोडंथोडं चाचपून कागदावर लिहा काय चालतं. वजन महिन्याला बघा.

आणि सिलिंडर. एलपीजीला स्वतःचा वास नसतो, आपल्याला येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा, आणि आईंना तो येणार नाही किंवा ओळखू येणार नाही. गॅस डिटेक्टर लावा, तो जमिनीलगत, कारण हा गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो, बरेच लोक छताजवळ लावतात. रात्री रेग्युलेटर बंद. तसंही झोपेत नाक कोणालाच उठवत नाही, गाढ झोपेतल्या धडधाकट तरुणांनाही उग्र वासाने जाग येत नाही हे तपासून पाहिलेलं आहे. गळतीची शंका आली तर १९०६ हा नंबर फ्रिजवर लिहून ठेवा. फ्रिजमधल्या डब्यांवर तारीख, ४५ डिग्रीत वरण दुपारपर्यंत उतरतं आणि त्यांना कळणार नाही, त्यामुळे शिळं-ताजं दुसऱ्याने बघायचं.

ईएनटीला एकदा दाखवाच, माझ्याकडेच या असं नाही, दुर्बिणीने वरपर्यंत नाक बघणारा कोणीही चालेल, कोंब नाही ना एवढं नक्की करून घ्यायचं. एकाच नाकपुडीतून रक्त किंवा घाण वासाचं पाणी, डोकेदुखी, नजरेत फरक, असं काही असेल तर वाट बघू नका. जाताना तापाच्या वेळचे कागद, चालू गोळ्यांची यादी, जुना सायनसचा सीटी असेल तर तो घ्या, आणि त्या दिवशी आईंनी अत्तर, पावडर, बाम काही लावू नये, टेस्ट बिघडते.